मुशी आणि मोगरा

१४ मार्च १९६८, गुरुवार
हॉस्पिटलमधून घरी. मुलगी होती. रडलीच नाही. ह्यांनी पाहिली, मी नाही.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दूध येईल, घट्ट बांधून ठेवा, आटेल. सासूबाईंनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, आत मोगऱ्याच्या कळ्या. मोगऱ्याने दूध आटतं म्हणे. मी शाळेत शास्त्र शिकवते. तरी बांधू दिलं.

१६ मार्च
दूध आलं. शरीराला कोण सांगणार. दोनदा ब्लाउज बदलला. मोगऱ्याचा वास नको झालाय.

१८ मार्च, सोम.
खारदांड्याची हिराबाई आली मासे घेऊन. मागे बोलली होती, बाळंत झालीस की मुशी आणीन, मुशीने दूध भरपूर येतं. मी आतल्या खोलीत पडून.
"बाय, बालंतिनीला मुशी आनलीय. पोर कंचं झालं?"
सासूबाई म्हणाल्या, "मुलगी."
"दाव ना गो!"
"झोपलीय."
दार लावून तिथेच उभ्या राहिल्या. "एवढी हौसेने घेऊन आली, तिला दारात कसं सांगू गं?" मला राग यायला हवा होता. आला नाही.
मुशी चिरली तर पोटात पिल्लं. पूर्ण तयार, परांसकट. मुशी शार्कच्या जातीची, अंडी नाही, पिल्लंच घालते हे वाचलं होतं, पाहिलं आज. सासूबाईंनी पटकन ताट आड धरलं.
कालवण टाकवेना. जेवले. चांगलं झालं होतं. अंगावर दूध आटवायचा मोगरा, ताटात दूध वाढवायची मुशी. आमच्या घराची तऱ्हाच निराळी.

२१ मार्च
शाळेतल्या कर्णिकबाई चाचणीचे पेपर देऊन गेल्या. "तपास, तेवढंच मन रमेल." प्रश्न, बेडकाचे जीवनचक्र. एकाने मोठ्या बेडकालाही शेपूट ठेवलंय. एकीने लिहिलंय, 'बेडकी पुष्कळ अंडी घालते कारण सगळी जगत नाहीत.' पुस्तकात नाही हे, मी शिकवलेलंही नाही. पूर्ण मार्क दिले. बाकीचे पेपर तसेच.

२३ मार्च, शनि.
हिराबाई पुन्हा. पुन्हा मुशी. सासूबाई : "अंघोळ चाललीय पोरीची."
ह्यांना सांगितलं. म्हणाले, "सांगून टाका ना एकदाचं." स्वतः सांगणार नाहीत.

२६ मार्च, मंगळ.
हिराबाई आली, पाटी नाही. सुनेला टायफॉइड, हॉस्पिटलात ठेवलीय. तान्हा नातू बाटली तोंडात धरत नाही, रडून रडून आवाज बसलाय.
"तुमच्या पोरीचं भागून उरत असंल, तर माज्या नातवाला जरा पाजल काय गो ती?"
सासूबाईंच्या आधी मीच बाहेर आले. म्हटलं, "हिराबाई, मुलगी गेली. जन्मतःच. दूध आहे."
पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. आवाज नेहमीचा, वर्गात हजेरी घेते तसा.
ती मटकन खाली बसली. "आनि मी मुशी आनत ऱ्हायले गो बाय..." तीच रडली. मला रडू नाही. मग उठली. "घरी इचारते," म्हणाली आणि गेली.
सासूबाई म्हणाल्या, पोर गेलेल्या बाईचं दूध त्यांच्यात चालत नसेल. मग स्वतःच, "आपल्यात तरी कुठे चालतं."

२७ मार्च
सकाळी दूध कमी वाटलं. दाबून पाहिलं. आहे अजून. घाबरले होते. इतक्या दिवसांत काही वाटलं ते हेच.
सासूबाई पट्टी आणि कळ्या घेऊन आल्या. म्हटलं, आज नको. त्यांनी कळ्या देवाला वाहिल्या, पिशवी घेतली आणि बाहेर पडल्या. अंधेरी स्टेशनाजवळच्या बाजारातून मुशी आणली. स्वतः, विकत.
पोटभर जेवले. हिराबाईची वेळ होऊन गेली. सासूबाईंनी दार अजून लावलेलं नाही.