खुर्चीखालचं बदक

सोमवार, ३ मार्च. दुपारी १.
प्रोफेसरशी भांडून कॉलेज सोडलं, त्याला चार महिने झाले. त्याची माफी मागणार नाही म्हणजे नाही. मामाच्या जुन्या चित्रांच्या दुकानात बसतो.
आज दुकानात एक मुलगी आली. तिच्या आजोबांच्या लहानपणीचं ऑईल पेंटिंग घेऊन. लाकडी घोडा, भोवरा, ढोल आणि मधोमध गुबगुबीत आजोबा. शनिवारी त्यांचा ऐंशीवा वाढदिवस, तोवर मोडलेली फ्रेम जोडून हवी. निघताना म्हणाली, "सांभाळा हं." नुसतं चित्राबद्दल म्हणाली नसणार.
सोबत दणकट हमाल होता. त्याला बाहेर थांबायला सांगितलं.

मंगळवार, ४ मार्च. सकाळी १०.
मामा दोन दिवस परगावी. बजावून गेलाय, फ्रेम जोड, चित्राला बोट लावू नकोस. मी काय मूर्ख आहे?

त्याच दिवशी, पावणेअकरा.
खुर्चीखाली एक भयानक बदक सापडलं. पाय तीन. कोणीतरी गाढवाने मागाहून खरडलंय. तिच्या आजोबांची ही विटंबना! डोकंच फिरलं. स्पिरिट, कापूस. बदक साफ.
ती विचारेल, कोणी केलं? मी फक्त मान खाली घालीन.

बुधवार, ५ मार्च.
तिचा फोन. मी म्हटलं, एक सरप्राइज आहे. ती म्हणाली, आजोबांना त्या चित्रातलं फक्त बदक बघायचंय. चित्रकाराने त्यांचं लाडकं बदक घेतलं नाही, म्हणून सातव्या वर्षी रडून रडून त्यांनी स्वतः काढलं होतं.
मी म्हटलं, वा. फोन ठेवला आणि जमिनीवर बसलो.

गुरुवार, ६ मार्च.
मामा परतला. काही लपवायचं नाही असं ठरवलं. लपवलं. त्याने दोन मिनिटांत ओळखलं आणि तिला फोन लावून माझ्या हातात दिला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजोबांना तुम्हीच सांगायचं." तुम्हीच! इतका विश्वास माझ्यावर आजवर कोणी टाकला नाही.
बदकाचा जुना फोटोही तिने पाठवला. तसंच परत काढायचं.

शुक्रवार, ७ मार्च.
कागदावर अकरा बदकं झाली. मामा म्हणाला, मुद्दाम वाईट काढू नकोस, जमेल तेवढं चांगलं काढ.
मी तेच करत होतो.
बारावं चित्रावर उतरवलं. हात बसलाय आता.

शनिवार, ८ मार्च.
आजोबा आले, सोबत ती आणि तो हमाल. मी सगळं कबूल केलं, माफी मागितली. त्यांनी भिंग लावून बदक पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग म्हणाले, "सातव्या वर्षी माझा हात याच्यापेक्षा बरा होता रे."
ती हसली. हसता हसता तिने हमालाच्या खांद्यावर डोकं टेकलं.
"चला जावईबापू, उचला," आजोबा त्याला म्हणाले.
मी दार धरून उभा राहिलो.
एक माफी मागून झालीच आहे. सोमवारी प्रोफेसरांकडे जाऊन येतो.