नंबराची पाटी डावीकडे झुकली आहे

आदरणीय दादांना,

साष्टांग नमस्कार. (यावेळी 'साष्टांग' शब्दशः घ्यावा. गेले चार दिवस मी तुमच्या जीपखाली आडवाच आहे. फरक इतकाच की नमस्कार पालथा करतात आणि मी उताणा होतो. कपाळाचं ग्रीस अजून निघालेलं नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनी म्हणत होत्या की हल्ली तुम्ही पायऱ्या मोजून उतरता. मोजावंच. मी तर म्हणतो, मोजल्याशिवाय माणसाने काहीच करू नये. आणि मोजूनसुद्धा काय होतं, ते पुढे येईलच. वहिनींच्या नव्या चष्म्याने डोकं दुखायचं थांबलं का? इकडे सर्व खुशाल. सर्व म्हणजे मी एकटाच, कारण तुमची बहीण दहा दिवसांच्या ट्रेनिंगला गेली आहे. आणि मी काही तितकासा खुशाल नाही. बाकी ठीक.

फोन न करता पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर मी काही सांगू लागलो की तुम्ही मध्येच नुसतं 'हं' म्हणता. त्या 'हं'नंतर पुढचं वाक्य सुचायला मला अर्धं मिनिट लागतं, आणि तोवर तुम्ही फोन वहिनींकडे दिलेला असतो. पत्रात तुम्हाला 'हं' म्हणता येत नाही. म्हटलंत तरी मला ऐकू येणार नाही.

तर आधी मुद्द्याचं सांगतो, म्हणजे तुम्ही खुर्चीत बसून घ्याल. तुमच्या जीपच्या मागच्या दाराला मी भोकं पाडली आहेत. (बसलात ना?) तुमची म्हणजे आता तिची जीप, हे मला मान्य आहे, पण अठरा वर्षं तुम्ही ती चालवलीत, आणि गुडघ्यामुळे बहिणीला देताना तिच्यावरचा एकेक ओरखडा कधीचा आणि कशाचा हे मला बोट ठेवून दाखवलंत. त्या यादीत आता भर पडली आहे. किती ते लगेच सांगत नाही.

झालं असं. तुमच्या बहिणीला डोंगरातल्या वस्त्यांवरच्या गुरांच्या लसीकरणाचं काम मिळालं, हे तुम्हाला माहीत आहेच. सहा महिने, आठवड्यातून पाच दिवस, आणि वाट अशी की तिला वाट म्हणणं हा निव्वळ मोठेपणा आहे. काम द्यायची खात्याची एकच अट, की गाडी तपासणीत पास झालेली हवी. मागच्या खेपेला तपासनिसाने गाडी सगळी बघितली, इंजिन नावाजलं, आणि शेवटी मागे जाऊन नंबराच्या पाटीवर अडला. तुम्हाला आठवत असेल, ती पाटी खाली बंपरच्या डाव्या कोपऱ्यात असते. ओढ्यातून वर चढताना गाडीचं बूड दगडाला घासतं ते नेमकं तिथेच. तीनदा वाकली, तीनदा मी हातोडीने सरळ केली, त्यामुळे तिच्यावरचा आठ आता तीनसारखा दिसतो. शिवाय तुमच्या बहिणीने अडकलेली गाडी ओढायचा टोइंगचा हुक बसवून घेतला, तो बरोबर पाटीच्या पुढे येतो. तपासनीस म्हणाला, जागा बदला, वर कुठेतरी घ्या, सरळ बसवा, तिच्यावर दिवा पाहिजे, आणि शुक्रवारी या. हा शुक्रवार म्हणजे आता चार दिवसांवर आला आहे.

हे काम खरं गॅरेजवाल्याचं. पण आमच्या इथल्या गॅरेजवाल्याला सगळे 'उद्या' म्हणतात. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला माहीत असेल तर असेल. मी तीनदा गेलो, तिन्ही वेळा त्याने स्वतःचं टोपणनाव सांगितलं. ट्रेनिंगला निघताना ती म्हणाली की मी आल्यावर बघते. आणि मी, दादा, कोणता ग्रह वक्री होता कोण जाणे, म्हणालो, त्यात काय एवढं, मी करतो. आयुष्यभर मी तसबिरी फ्रेम करून भिंतीवर टांगल्या आहेत. एक चौकोनी पत्रा एका दारावर टांगणं म्हणजे दुसरं काय? असं मला वाटलं. आपण जे रोज करतो तेच जगात सगळीकडे चालतं, असं वाटणाऱ्या माणसाचं जे होतं ते माझं झालं.

पहिल्या दिवशी मी पाटी स्टेपनीच्या मधोमध लावली. दिसायला फार देखणी. गोल चौकटीत चौकोनी चित्र, अशी मांडणी आमच्या धंद्यातही क्वचित जमते. मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून, एक डोळा मिटून बघत होतो, तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त भूगोल मास्तर खिडकीतून म्हणाले, "चाक पंक्चर झालं आणि स्टेपनी काढली, की नंबर कुठे जाणार हो?" मी वर बघितलं. मास्तर हसत नव्हते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मला दिसलं की तुमची बहीण डोंगरात चाक बदलते आहे, पाटी हातात धरून उभी आहे आणि कुठे ठेवावी हे तिला कळत नाही. (मला नको ते फार लवकर दिसतं. हा माझा जुना आजार आहे.) पाटी काढली.

दुसऱ्या दिवशी जागा ठरवली ती स्टेपनी आणि डावीकडचा लाल दिवा यांच्या मधली. मोकळी, उंच, दगडाच्या आवाक्याबाहेर. चित्र लावायचा आमचा नियम आहे की मध्य डोळ्यांच्या रेषेत हवा. कुणाच्या डोळ्यांच्या, हा प्रश्न पडला. मागच्या गाडीत बसलेल्या माणसाच्या, असं ठरवून मी मास्तरांची खुर्ची रस्त्यावर आणून तिच्यात बसलो आणि खूण केली. (दोन गाड्या माझ्यासाठी थांबल्या. एकाने विचारलं, बरं वाटत नाही का. मी खरं तेच सांगितलं.) मग ड्रिल घेतलं. लाकडात ड्रिल घालायची सवय असली की हात एका ठरावीक जोराला सरावतो. पत्रा लाकडापेक्षा पातळ असतो हे मला माहीत होतं, पण हाताला माहीत नव्हतं. ड्रिल पत्र्यातून गेलं, आतल्या अस्तरातून गेलं, आणि त्याच्या मागे पट्ट्याने बांधून ठेवलेल्या तिच्या डाव्या गमबुटातूनही आरपार गेलं. ओढ्यात उतरताना ती जे बूट घालते, तेच हे. बुटाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला आहे. बादलीत धरून बघितलं, बुडबुडे येतात, पण फार नाहीत.

भोकं म्हणाल तर चार हवी होती, सात झाली. जादा तिन्हींत मी फ्रेमच्या भेगा बुजवायची लांबी भरली आणि वर रंग दिला. माझ्याकडे सोनेरीच होता.

दिव्याचं थोडक्यात सांगतो, कारण ते मला स्वतःला पुरतं कळलेलं नाही. तार मी लाल दिव्याच्या डब्यातून घेतली. डब्यात चार तारा होत्या, मला त्यातल्या त्यात सभ्य वाटली तिला जोडली. आता डाव्या बाजूचा इंडिकेटर लावला की नंबर उजळतो आणि विझतो, उजळतो आणि विझतो. सरळ जाताना नंबर अंधारात असतो, डावीकडे वळताना तेवढा दिसतो. हे मात्र 'उद्या'ने काल, म्हणजे चक्क त्याच दिवशी, दुरुस्त करून दिलं. माझा चेहरा बघून त्याला दया आली असावी. काम करताना तो दोनदा लांब जाऊन हसून आला.

आणि आता मुख्य चूक. ती फक्त माझ्याच हातून होऊ शकते, असं मास्तरांचं मत आहे आणि मला ते पटतं. पाटी बसवताना मी तिच्या वरच्या कडेवर पाणसळ ठेवली. काचेतला बुडबुडा बरोबर मध्यावर आणला, तेव्हाच नट आवळले. बावीस वर्षांत माझी एकही फ्रेम कुणाच्या भिंतीवर वाकडी बसलेली नाही, ती या बुडबुड्याच्या जोरावर. पण दादा, भिंत कुठे जात नाही. आमची गल्ली अरुंद असल्यामुळे जीप डावी दोन चाकं फुटपाथवर चढवून उभी असते, हे तुम्हीच तिला शिकवलंत. मी पाटी पृथ्वीशी समांतर लावली, आणि त्यावेळी गाडी पृथ्वीशी समांतर नव्हती. शनिवारी पेट्रोल भरायला गाडी सपाट रस्त्यावर नेली. पंपावरच्या माणसाने आधी पाटीकडे बघितलं, मग मान डावीकडे कलती केली, मग माझ्याकडे तशाच कलत्या मानेने बघितलं. मी उतरून मागे गेलो. पाटीचं डावं टोक चांगलं दोन बोटं खाली. चित्र वाकडं दिसलं की माझा हात आपोआप उठतो, परक्या घरातसुद्धा. तिथे तो उठला, आणि तसाच राहिला.

तर आता ही परिस्थिती आहे. पाटी वाकडी आहे, सरळ करायची तर नवी भोकं पाडावी लागतील आणि दारावर आता जागा म्हणून उरलेली नाही. तपासनीस शुक्रवारी नापास करेल, पुढची तारीख महिन्याने, तोवर खातं दुसऱ्या कुणाला काम देईल. मी प्रयत्नांची शिकस्त केली हे तुम्ही बघताच आहात. माणसाच्या हातात काय असतं? तुमची बहीण बुधवारी येईल तेव्हा तिला कसं सांगावं, एवढंच कळवावं.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपा. खाली मान घालून उभा असलेला,

तुमचा मेहुणा

ता. क. — वरच्या पत्रात एक गोष्ट खोटी आहे. नवी भोकं पाडावी लागणार नाहीत. पाटी ज्या पट्टीवर बसवली आहे तिची भोकं लांबट आहेत, चार नट सैल केले की पाटी फिरते. दहा मिनिटांचं काम. दहा नंबरचा पाना शनिवारपासून माझ्या खिशात आहे. मी रोज गाडीजवळ जातो, पाना काढतो, आणि परत खिशात घालतो. दादा, मला भीती वाटते. मागच्या महिन्यात ती पाहणीसाठी एकदाच त्या वस्त्यांवर जाऊन आली, आणि सांगितल्या वेळेपेक्षा चार तास उशिरा आली. तिथे फोन लागत नाही. मी चार तास गल्लीच्या तोंडाशी उभा होतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला जीप दिसली का विचारत होतो, नंबर सांगत होतो. एकजण म्हणाला, ओढ्यापाशी एक गाडी बघितली खरी, पण नंबर चिखलात होता. म्हणून पाटी वर घ्यायची होती मला. तपासनिसासाठी नाही. लांबून, कुणालाही वाचता यावी म्हणून. आणि आता ती वाकडी आहे तर वाकडीच राहू दे, असं माझं मन म्हणतं. नापास झाली तर ती जाणार नाही. तुमचा शब्द ती मोडत नाही. तेव्हा खरी विनंती ही, की तुम्ही तिला फोन करून हे काम सोडायला सांगावं. माझं नाव न घेता.

ता. क. दुसरा — पाकीट चिकटवायला घेतलं आणि खाली तिचा आवाज. ट्रेनिंग दोन दिवस आधीच संपलं. मी खाली गेलो तेव्हा ती गाडीच्या मागे उभी होती. सोनेरी ठिपके बघितले, गमबुटातून बोट आरपार घालून बघितलं (ट्यूबचा तुकडा निघाला). मग गाडीत बसून तिने जीप फुटपाथवरून खाली घेतली, उतरून मागे आली, मान कलती केली. म्हणाली, "पाना कुठाय?" मी खिशातून काढून दिला. इतक्या पटकन द्यायला नको होता. तिने पान्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं हे मला कळलं. पाना परत माझ्या हातात ठेवून म्हणाली, "तू लावलीस, तूच कर." आणि फुटपाथवर बसून राहिली. सात मिनिटं लागली. शेवटचा नट आवळत होतो तेव्हा ती माझ्या पाठीला म्हणाली, "त्या ओढ्याची मलापण भीती वाटते रे. उशीर झाला त्या दिवशी मी तास-दीड तास नुसती काठावर बसून होते." दादा, तुमच्या बहिणीला कशाची भीती वाटते हे लग्नाला अकरा वर्षं होऊन मला पहिल्यांदाच कळलं. मी नट आवळतच राहिलो, तो आता कुणालाही निघणार नाही. मग म्हणालो, पहिले दोन आठवडे दुकान बंद ठेवतो आणि मी येतो बरोबर. ती म्हणाली, बरं. नुसतं 'बरं'. तेव्हा पहिल्या ताज्या कलमातला फोन करू नये. तपासणी शुक्रवारी आहे आणि सोमवारी आम्ही निघतो.

ता. क. तिसरा — आता अगदी खरी विनंती. त्या वाटेला एकशे तीस वळणं आहेत म्हणते. मला सपाट रस्त्यावरसुद्धा शेजारच्या सीटवर मळमळतं, हे मी तिला इतकी वर्षं कळू दिलेलं नाही. कुठे जायचं असलं की मी पायी जाणं तब्येतीला चांगलं असं म्हणतो. तुमच्या शेजारी बसून एवढी माणसं त्या डोंगरात गेली, त्यांना तुम्ही काय द्यायचात, ते सोमवारच्या आत कळवावं. कडू असलं तरी चालेल.