भिंगरीला मारलेल्या नऊ हाका

सोमवार, ३ मार्च. सकाळी ७.१०
आजपासून पाच दिवस ट्रेनिंग. मुलांमधला ऑटिझम कसा ओळखावा, याचं. एकोणीस वर्षं मुलंच तपासतोय. हा विषय कुणाच्या पायाशी न बसता, स्वतः वाचून शिकलो. तरी आता सर्टिफिकेटशिवाय रिपोर्टवर सही चालत नाही म्हणे. ठीक. संकल्प: पहिल्या रांगेत बसायचं, पण इतरांनाही बोलू द्यायचं.

संध्याकाळी ६.४०
इतरांकडे बोलण्यासारखं काही नव्हतं.
व्हिडिओत मूल खेळतं, आपण गुण द्यायचे, ते प्रशिक्षकबाईंच्या गुणांशी ताडायचे. ऐंशी टक्के जुळले की पास. माझे बेचाळीस. बाईंचे बरेच चुकतात.

मंगळवार, ४ मार्च
साबणाचे बुडबुडे सोडायचे, मध्येच थांबायचं आणि गप्प बसायचं. मूल कसं मागतं ते बघायचं: नजरेनं, बोटानं, की शब्दानं. मी घड्याळ लावून चार सेकंद गप्प बसलो. मग फक्त एवढंच म्हटलं, की अजून हवेत ना बाळा, दाखव बरं बोट. बाई म्हणाल्या, मुलाच्या वतीनं तुम्हीच मागून मोकळे झालात. आमच्या दवाखान्यातली ज्युनियर डॉक्टर (मीच तिला यायला परवानगी दिली) मान खाली घालून हसत होती. तिचे एक्काहत्तर जुळले. नवशिक्यांचं नशीब.
घरी गप्प बसण्याचा सराव. बायकोनं विचारलं, छातीत दुखतंय का.

बुधवार, ५ मार्च
उद्या प्रत्येकानं आपल्या पेशंटचा व्हिडिओ दाखवायचा. मी भिंगरीचा नेतोय, आईच्या लेखी परवानगीनं. वय चार वर्षं दोन महिने. सारखी स्वतःभोवती गरगर फिरते म्हणून हे लाडाचं नाव, मीच ठेवलेलं. दोन वर्षांपूर्वी आई घाबरून आली, मुलगी बोलत नाही म्हणून. मी समजावलं, लाजाळू आहे, हाक मारली की बघते, शाळेत गेली की बोलेल. तिची आई अजूनही दर सहा महिन्यांनी येते. सोमवारी पुन्हा येणार आहे. या वेळी काही नाही म्हणून लेखीच देऊन टाकतो.

गुरुवार, ६ मार्च
व्हिडिओ साडेसहा मिनिटांचा. प्रशिक्षकबाईंनी सगळ्यांना माझ्या हाका मोजायला सांगितल्या. नऊ भरल्या. नऊही वेळा मी टॉर्च तरी चमकवलाय, टेबल तरी वाजवलंय, नाहीतर तिच्या खांद्याला हात लावलाय. बाईंनी विचारलं, यात नुसती हाक कुठली? मी सांगितलं, कॅमेऱ्याचा अँगल वाईट आहे.
जेवणाच्या सुट्टीत एकट्यानं चार वेळा पाहिला. अँगल चांगला आहे.

शुक्रवार, ७ मार्च
परीक्षा. ज्युनियर त्र्याऐंशी. मी एकोणसाठ. परवाचं जेवण जड झालं होतं. बाई म्हणाल्या, ऑक्टोबरात पुन्हा या. माझी मदत लागणार असेल.

सोमवार, १० मार्च. दुपारी १.२५
ज्युनियरनं भिंगरीला पाऊण तास तपासलं. मी दाराशी उभा होतो. ऑटिझम आहे. थेरपी याच आठवड्यात सुरू करायची.
तिच्या आईला मीच सांगितलं, की माझी चूक झाली. तिनं भिंगरीला जवळ ओढलं. मग म्हणाली, "मला तेव्हाच वाटत होतं, डॉक्टर. पण तुम्ही इतक्या खात्रीनं सांगायचात, की मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय."
त्या दोघी गेल्यावर फाइल उघडली. माझ्या चार नोंदी. तारीख, वेळ, वजन ग्रॅमपर्यंत अचूक. प्रत्येकीखाली सुवाच्य अक्षरात: काळजीचं कारण नाही.