बाळूसाठी वेगळी खोली

मंगळवार, १२ ऑगस्ट. कामशेत, संध्याकाळ.

आज बाळू आला. आम्हा एचआयव्हीवाल्यांच्या नव्या ग्रुपात शिरायला, 'संजय' म्हणून. फोनवर आवाज ऐकताच ओळखला.

जुना व्हॉट्सॲप ग्रुप मीच काढला होता. त्यात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसायचे, ही चूक माझी. समाजसेवक म्हणून आत घेतलेल्या बाळूने ग्रुपातल्या, कान्हे गावच्या मावशींचा नंबर गावभर दाखवला. मावशींच्या चहाच्या टपरीवर मग कुणी फिरकेना.

म्हणून नव्या ग्रुपासाठी ही साइट स्वतः शिकून बांधली. ना नंबर दिसतो, ना नाव. पुण्याच्या एखाद्या इंजिनिअरने चूक काढून दाखवावी. आत घेण्याआधी फोनवर एकच प्रश्न विचारतो, गोळी कधी घेता? ती रोज ठरल्या वेळीच घ्यावी लागते, त्यामुळे आमच्यातला कुणीही मिनिटासकट सांगतो. माझी आठ वाजून पाच. बाळू म्हणाला, "तीन टाइम, जेवल्यावर." खोकल्याचं औषध आहे का ते?

हाकलता आलं असतं. नाही हाकललं. त्याला साइटवर गप्पांची वेगळी खोली उघडून दिली, त्यात तो एकटाच. तासभर लिहितोय, "कुणी आहे का?"

हे बरोबर करतोय ना मी? मावशींना फोन करून विचारलं, काढू का बाहेर?

"कशाला? बसू द्या की भाऊ. मी बी बसले व्हते सा म्हैने, शेगडी पेटवून. कुनी आलं न्हाई."

आठ पाच झाले. गोळी घेतली. बाळूने पुन्हा विचारलंय, कुणी आहे का.

आहोत. सगळे आहोत. त्याला मात्र सांगणार नाही.