विश्वाच्या मापाचं भाषण

ती. ताईंना शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नाही, तेव्हा साष्टांगातलं शिर तेवढं पोचलं असं समजावं.) तुमची पाठ कशी आहे? शेक घेता की नुसतं "घेते" म्हणता? मी बरा आहे. दुकान उघडतो, जेवतो.

तर घडलं ते असं. तुमच्या धाकट्या बहिणीने जाण्याआधी वाचनालयात एक भाषण कबूल केलं होतं: विश्वाची घनता आणि अवकाशाची वक्रता. ती जाऊन दोन महिने झाले, तरी दारावर तिच्या नावाचा कागद तसाच. परवा ग्रंथपाल बाई त्यावर 'रद्द'ची पट्टी चिकटवायला निघाल्या, ते मला बघवेना. तोंडातून निघून गेलं, "राहू द्या, मी बोलतो." आता मी शिंपी. विज्ञानात नापास, पण लग्न केलं विज्ञानाच्या बाईंशी, एवढाच माझा त्या विषयाशी संबंध.

तिच्या वहीतलं ते प्रकरण पाठ केलं. उभा राहिलो आणि सगळं पुसलं गेलं. समोर तेवीस माणसं (त्यांतले दोघे केवळ पंख्यासाठी आलेले). शेवटी खिशातली कात्री काढली, टेबलावरचं कापड ओढलं (ते ग्रंथपाल बाईंनी घरून आणलेलं, हे नंतर कळलं) आणि कापत, टाचत सुटलो. म्हटलं, विश्वात माल किती भरलाय त्यावर अवकाशाचा आकार ठरतो. ठरावीक मापाहून जास्त असेल, तर चिमटीत धरून टक्स घातल्यावर कापडाला फुगवटा येतो तसं अवकाश वळतं, आणि त्यावरच्या त्रिकोणाचे कोन एकशेऐंशीच्या वर जातात. कमी पडला तर उलट, जादा तिकोनी तुकड्याची कळी जोडल्यावर घेर लाटा मारतो तसं, आणि कोन कमी भरतात. माप नेमकं जुळलं तर सपाट, इस्त्री केल्यासारखं. आपलं विश्व आजवरच्या मोजणीत जवळजवळ सपाटच निघालंय.

निवृत्त पोस्टमास्तरांनी विचारलं, "पण ते माप किती?"

खिशातली वही उघडली, त्यात होतं. म्हटलं, "मीटरभर लांब, रुंद, उंच खोक्यात हायड्रोजनचे पाच-सहा अणू असावेत, एवढं वजन."

"एवढंच? आणि बाकीचं खोकं?"

"रिकामं," मी म्हणालो. ताई, हा शब्द मी दोन महिन्यांत पहिल्यांदाच तोंडातून काढला. पहिल्या रांगेपलीकडे तो पोचला नसावा. पंख्यासाठी आलेल्या दोघांपैकी एकाने उठून पंखा बंद केला, माझं नीट ऐकू यावं म्हणून.

मग वहीत त्या प्रकरणाची शेवटची ओळ दिसली ती वाचून टाकली: "इथे थांबायचं, पाणी प्यायचं, माहीत नसेल ते माहीत नाही म्हणायचं." ती तिने स्वतःसाठी लिहिली होती, हे वाचून झाल्यावर लक्षात आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पाणी प्यायलो.

तुमच्या धाकटीचा नवरा

ता. क. टेबलाचं कापड नवीन शिवून दिलं. ग्रंथपाल बाईंनी पुढच्या महिन्यात 'विश्वाचा शेवट' ठेवलाय. मी हो म्हणालो, कारण वहीत पुढचं प्रकरण तेच आहे.

ता. क. दुसरा. पण त्या पानांवर तिचं अक्षर फार बारीक आहे, आणि ते तुम्हालाच लागतं. चार दिवस येऊन वाचून द्याल का?

ता. क. तिसरा. अक्षर मला नीट लागतं. तुम्ही या.