तावात बसेल तेवढं

सोमवार, ४ तारीख

आले एकदाची! बॅग, वळकटी आणि मी, तिघी सुखरूप. छापखाना तळमजल्यावर, माझी खोली वर आणि मध्ये लाकडी जिना. पाय ठेवला की असा कुरकुरतो, जणू भाडं तोच भरतोय. खाली शेजारी एका म्हाताऱ्या शिंप्याचं दुकान आहे. त्यानेच बॅग वर आणून दिली आणि मलाच विचारलं, की बाई, यात दगड भरलेत का. शब्दकोश आहेत म्हटलं, तर म्हणाला, मग तेच झालं की.

छापखान्याच्या मालकीणबाईंना सगळे अक्का म्हणतात. गोल चेहरा, दुखरे गुडघे, बोटांवर कायमची शाई. जिना चढणं त्यांनी केव्हाच सोडलंय. म्हणून माझ्या खोलीच्या जमिनीला एक भोक पाडलंय आणि त्यातून दोरीला बांधलेली छोटी टोपली खालीवर होते. हस्तलिखित वर, तपासलेलं खाली. मला तर हा प्रकार भलताच आवडला.

काम असं, की अक्का विचित्र, काळ्याकुट्ट गोष्टी छापतात आणि फुकट वाटतात. एका तावावर एक गोष्ट. तावाची घडी घातली की आठ पानं. दवाखान्याच्या बाकावर, लाँड्रीच्या काउंटरवर, बसथांब्यावर ठेवून येतात. ज्याला हवी त्याने न्यावी. गोष्ट तावात बसली पाहिजे, एवढीच अट. जास्त झालं तर कापायचं आणि ते काम माझं. वर्तमानपत्रात मला उगाच कात्रीबाई म्हणत नव्हते.

भिंगरीला फोन केला. शाळा सुरू होईपर्यंत ती दादा-वहिनीकडे राहील. सात वर्षांची पोर आणि हुकूम असा सोडते, की खोलीला खिडकी असेल तरच मी येणार. आहे गं बाई, रस्त्यावरच आहे, गजांची. तिच्या वडिलांनी पाठ फिरवल्यापासून आम्ही दोघीच एकमेकींना. ही नोकरी टिकली पाहिजे, म्हणजे तिला इथे आणता येईल. बाकी मला काही नको.

मंगळवार, ५ तारीख

टोपलीतून एकदम चार गोष्टी आल्या. कुणाचंच नाव नाही, पण चारही एकाच माणसाच्या असाव्यात. घर तेच, जिना तोच, वरच्या खोलीत एक बाई. लेखकमहाशयांकडे कल्पनांचा दुष्काळ दिसतोय. पण भाषा अशी, की वाचताना अंगावर काटा येतो.

सगळ्या लांबलेल्या. बसल्या बैठकीला चारही छाटल्या. पहिलीत खालच्या खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळाचं मोठं वर्णन होतं, ते उडवलं. दुसरीत एक शेजारी होता, चक्क शिंपी. बोलायचा छान, पण गोष्टीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. गेला. तिसरीत जिन्याचं पानभर पाल्हाळ. चौथीतल्या बाईची लहान मुलगी दूर मामा-मामीकडे असते. ती एकदाही समोर येत नाही, बाई नुसती तिच्या आठवणी काढत बसते. माझीच कहाणी वाचतेय असं वाटलं खरं, पण कामात मी माया करत नाही. मुलगी कापली. गोष्ट तावात चपखल बसली.

अक्कांनी खालून ओरडून शाबासकी दिली. मी जाम खूश.

गुरुवार, ७ तारीख

पहिली गोष्ट आज छापून झाली. खाली उतरले, तर भिंतीवरचं घड्याळ नव्हतं. दुरुस्तीला दिलं का म्हणून विचारलं. अक्का म्हणाल्या, इथे घड्याळ कुठे होतं? भिंतीवर खिळाही नाही, साधा डागही नाही. म्हटलं, असेल, नव्या जागेत माझीच नजर चुकली असेल.

पण टोपलीच्या भोकातून ते घड्याळ पाहूनच मी चहाला उतरत होते. हे मला पक्कं आठवतंय.

शुक्रवार, ८ तारीख

परकराची शिवण उसवली म्हणून सकाळी खाली गेले. शिंप्याचं दुकान नाही. बंद नाही, नाहीच. तिथे भिंत आहे, जुनी, शेवाळ धरलेली. पलीकडच्या लाँड्रीवाल्याला विचारलं, तर त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांगितलं, की इथे जन्म गेला माझा, शिंपी कधी नव्हता बुवा.

छापखान्यात आले. यंत्रापाशी दुसऱ्या गोष्टीचे ताव ओले, वाळत घातलेले.

सरळ अक्कांना विचारलं. त्या चिडल्या नाहीत, लपवलंही नाही. शांतपणे ताव मोजत म्हणाल्या, की वाचक चुकून एक गोष्ट उचलतो, घरी नेतो आणि त्याला रात्रभर झोप येत नाही. का, तर तुम्ही कापलेलं खरोखर गेलेलं असतं, ते त्याला त्या पानांतून कळतं. आम्ही वाचकाकडून काही घेत नाही, मग कुणाकडून तरी घ्यायलाच हवं ना?

मी म्हटलं, पुढच्या दोन छापू नका. त्या म्हणाल्या, तपासून दिलेलं छापायचंच, ही इथली रीत आहे.

तेव्हाच दाराबाहेर पळायला हवं होतं. पण भिंगरीचा फोटो, फोन, सगळं वर होतं. पटकन घेऊन येते म्हणून धावत जिना चढले. आणि खाली यंत्र सुरू झालं.

शुक्रवारीच, थोड्या वेळाने

जिना नाही. दार उघडलं की समोर भिंत. हात लावून पाहिला, गार आहे.

शनिवार, ९ तारीख

दादा आला होता. फोन केल्या केल्या निघाला बिचारा. मी गजांतून हात बाहेर काढून घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. तो माझ्याकडेच पाहत होता, पण कौलांकडे बघावं तसा. मग त्याचाच फोन आला. म्हणाला, अगं, पत्ता चुकला वाटतं, हे घर एकमजली आहे. त्याला म्हटलं, मान थोडी वर कर. त्याने केली आणि म्हणाला, छप्पर आहे गं, तू बरी आहेस ना?

तो रडवेला झाला होता. मी त्याला घरी जायला सांगितलं. भिंगरीला नजरेआड होऊ देऊ नकोस, एवढंच सांगितलं.

टोपलीचं भोक टोपलीपुरतंच आहे. डोकंही जात नाही.

आता चौथी गोष्ट राहिली.

रविवार, १० तारीख

आज यंत्राला सुट्टी. उद्या चौथी.

भोकाशी पालथी पडून अक्कांना विनवलं. पाया पडते म्हटलं. त्या म्हणाल्या, मुलगी परत घाला की, कोण नको म्हणतंय? तुम्हीच कापली, तुम्हीच घाला. फक्त तावात बसवून द्या. नाही दिलीत, तर आहे तेच छापेन. टोपलीतून हस्तलिखित वर पाठवलं. माझ्याच रेघा, किती सरळ मारल्यात.

मुलगी परत घातली. ताव ओसंडला. तेवढंच दुसरं काही कापायला हवं.

खिडकी कापली. पुरेना. स्टोव्ह, कॉट, दिवा, पाण्याचा माठ, सगळं कापलं. तरी हव्या त्याच्या अर्ध्याच ओळी भरल्या.

नवीन लिहून पाहिलं. एकच ओळ: बाई उतरून मुलीकडे निघून गेली. टोपली तशीच परत आली. संपादकाने कापावं, लिहू नये, अक्का म्हणाल्या. फार तर एखाद-दुसरा शब्द बदला, तेवढी दुरुस्ती चालते.

रविवार, दुपार

मामा-मामी कापले की बसते. बरोबर बसते. पेन्सिल तिथवर गेली होती—

नाही. मग पोरीला बघणार कोण?

माझ्या दादाला मी— शी. मी काय झालेय इथे.

सोमवार, ११ तारीख

सकाळ. अक्का खाली शाई घोटताहेत.

उरली फक्त वरच्या खोलीतली बाई. तिच्या ओळी मोजल्या. भरतात.

पण भिंगरी आईविना राहील. मग दुरुस्ती केली. ‘मामी’ जिथे जिथे आहे, तिथे ‘आई’, ‘मामा’ तिथे ‘वडील’. दोनच शब्द. अक्का चालेल म्हणाल्या.

वहिनी चांगली आहे. रागावते, पण पोटाशी धरते.

बाईवर रेघ मारली. सरळ आली. खिडकी, दिवा, सगळं परत बसलं, ओळही उरली नाही. वाचून पाहिलं. एक मुलगी, तिची आई, वडील. आधीपेक्षा चांगली झाली गोष्ट. खरंच चांगली.

टोपली खाली सोडली.

सोमवार

यंत्र सुरू झालंय—

फोन लावला. तिनेच उचलला. आहे! आवाज आहे, पोर आहे, खिदळतेय. काय करतेस विचारलं. केस विंचरून घेतेय म्हणाली. मग विचारलं:

तुम्ही कोण बोलताय?

फोन बाजूला करून तिने आत हाक मारली, आई, कुणीतरी बाई आहेत, नुसत्या रडताहेत. आणि वहिनीचा आवाज, जवळ येणारा, अगं ठेव, राँग नंबर असेल—

बरं झालं. तिला काही आठवत नाही. रडणार नाही.

ताव निघताहेत खाली, एकेक. हात फिका दिसतोय, अक्षर नीट उमटत ना— पण भिंगरी आहे. ती आहे. एवढं कुणी वाचलंच, तर तिला सांगू नका. तिला कधीच सांगू नका, की तिची खरी आ