डायवर लोकांचा रामराम

आप्पा, मी परदेशात गाडी चालवून आले. तुम्ही असता तर चहाची बशी खाली ठेवून विचारलं असतं, "कुणी दिली चालवायला?" कुणी दिली नाही. मीच मागून घेतली.

लेक स्कॉटलंडमध्ये नोकरीला आहे, तिच्याकडं गेले होते. शहरात ती बिनधास्त चालवते, पण तिथल्या डोंगरातल्या रस्त्यांची तिला भीती वाटते. ते रस्ते बघून तुम्हीही चाट पडला असता. एकच गाडी मावेल एवढी रुंदी आणि त्यावरून दोन्हीकडची वाहतूक. थोड्या थोड्या अंतरावर कडेला एका गाडीपुरती जागा सोडलेली. समोरून कुणी आलं की ज्याला ती जागा जवळ असेल त्यानं आत शिरून थांबायचं, दुसऱ्यानं जाता जाता हात वर करायचा. काच खाली करून शिव्या नाहीत, आधी घुसायची घाई नाही. खड्डे नव्हते म्हटलं तर तुम्हाला पटायचं नाही, तर होते, चांगले आपल्यासारखे. मेंढरंही रस्त्यात मधोमध बसलेली. फक्त चहाची टपरी म्हणून कुठं दिसली नाही. पहिल्याच आंधळ्या वळणावर मी हॉर्न दिला, तशी लेक दचकली. "आई, हॉर्न नको गं, इथं हॉर्न म्हणजे शिवी." मी म्हटलं, "वळणावर हॉर्न द्यायचाच असतो." तुमचंच वाक्य तोंडातून गेलं आणि माझा मलाच राग आला.

कारण ते तुम्ही मला शिकवलं नव्हतं. तुम्ही स्टेअरिंगवर बसून स्वतःशीच बोलायचा, मी ऐकायची. सुट्टीत एसटीच्या रत्नागिरी फेरीला मला घेऊन जायचा. मी तुमच्या शेजारी, इंजिनाच्या झाकणावर पोतं टाकून बसलेली. खालून चटके बसतायत, पण मी उठत नाही. मलकापूर मागं पडतं, आंबा घाट येतो. मी तुमचे पाय बघते, क्लच कधी दाबला, ब्रेक कधी सोडला. "चढणाऱ्याला आधी वाट," तुम्ही पुटपुटता आणि गाडी कडेला घेता. खालून दुसरी एसटी चढत येते. तुम्ही तळवा वर करता, तो ड्रायव्हरही करतो. मीही हात वर करते. तुम्ही माझं मनगट धरून खाली ओढता. "हात खाली घे. ह्यो डायवर लोकांचा रामराम हाय. तू डायवर हाईस व्हय?" मागं कंडक्टर हसतो.

कॉलेजात गेल्यावर एकदा धीर करून म्हटलं, मला गाडी शिकवा. तुम्ही जेवत होता, आई भाकरी थापत होती. "गाडी म्हंजे भाकरी न्हवं. रिव्हर्स घ्यायला छाती लागती. बायकांचं काम न्हाय ते." आईचा हात थांबला. "मग एक भाकरी थापून दावा की," ती म्हणाली. तुम्ही पुढचा घास घेतला. आणि पुढच्याच महिन्यात धाकट्या भावाला साखर कारखान्याच्या माळावर जीप शिकवलीत. त्याला धड क्लच सुटत नव्हता. मी तुम्हा दोघांचा डबा घेऊन कडेला उभी होते. आप्पा, तो राग अजून उतरलेला नाही आणि मी तो उतरवणारही नाही. तुम्ही गेल्यावर, बँकेतून निवृत्त झाल्यावर मी गाडी शिकले. शिकवणाऱ्यानं दुसऱ्याच दिवशी विचारलं, "बाई, तुम्ही आदी चालवत हुता व्हय?"

तर तिकडं स्कॉटलंडात एका उतारावर समोरून लाकडं भरलेली लॉरी वर चढत आली. मागची मोकळी जागा वळणापलीकडं, तीही चढावर. लेक म्हणाली, "थांब ना, तो घेईल मागं." मी म्हटलं, "चढणाऱ्याला आधी वाट. तू उतर आणि मागं बघ." ती पावसात उतरली आणि कंडक्टरसारखी ओरडत राहिली, "येऊ दे, येऊ दे!" एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला नुसती दरी. मी चढावर, वळणावरून, एका दमात रिव्हर्स घेतला. भिंतीला घासली नाही, गाडी एकदाही बंद पडली नाही. ऐकताय ना? छाती लागते म्हणाला होता. होती माझ्याकडं, त्या माळावरसुद्धा होती.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून उरलेलंही सांगून टाकते. लॉरी शेजारून जाताना त्या ड्रायव्हरनं मला तळवा दाखवला, अगदी तुमच्यासारखा. एवढी वर्षं मी त्याचीच वाट बघत होते, आणि माझा हात स्टेअरिंगवरून उठलाच नाही. लॉरी वळणाआड गेल्यावर मी तो वर केला. खाली ओढायला कुणी नव्हतं. खरं सांगते आप्पा, तेवढं मला बरं वाटलं नाही.